तरवडाचं बी



आज आम्ही एका झाडाविषयी चार गोष्टी सांगणार आहोत. झाड तुमच्या ओळखीचं आहे. नवरात्रात घटाला ज्याच्या पिवळ्या फुलांची माळ घालतात, तेच हे झाड. तरवड.

तुम्ही म्हणाल, "तरवडाचं काय सांगायचं? तो माळावर आपोआप उगवतो. त्याला कोणी पेरतं का?"

बरोबर आहे. आम्हीही असंच म्हणत होतो. पण पेरायची वेळ आली तेव्हा कळलं, की जे झाड माळावर आपोआप उगवतं, ते आपल्या हातानं उगवून दाखवणं सोपं नाही. आमची त्यात फजिती झाली. एका म्हाताऱ्या बाईचं नुकसान झालं. आमची चूक तुम्ही करू नये, म्हणून ती सगळी हकिकत आज सांगतो.

झाड ओळखा

तरवड हे झुडूप आहे. कमरेएवढं, कधी डोक्याएवढं वाढतं. साल तांबूस. पानं चिंचेच्या पानांच्या घडणीची, पण जरा मोठी. एका देठावर दोन्ही बाजूंनी लहान पानांच्या ८ ते १२ जोड्या असतात. फूल पिवळंजर्द, ५ पाकळ्यांचं. शेंग बोटाएवढी लांब, चपटी आणि कागदासारखी पातळ. वाळली की तपकिरी होते. शेंग उजेडासमोर धरा. आत एकेका खणात एकेक बी बसलेलं दिसेल.

टाकळ्याला तरवड समजू नका. टाकळ्याचं फूलही पिवळंच. पण टाकळ्याच्या देठावर पानांच्या ३ जोड्या असतात आणि शेंग चवळीसारखी लांब व बारीक असते. टाकळा पावसात येतो आणि पाऊस सरला की वाळून जातो. तरवड तसा नाही. एकदा रुजला की वर्षानुवर्षं जगतो.

तो जगतो कशावर? त्याचं सोटमूळ खोल जातं. वरची माती तापून फुटली, तरी खालच्या मुरमातली ओल त्याला मिळते. शिवाय गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत. म्हणून उन्हाळ्यात सगळा माळ भाजून निघाला, तरी तरवड हिरवा दिसतो.

हे झाड एकट्या आपल्या मुलखाचं नाही. गुजरातेत त्याला आवळ म्हणतात, तमिळ मुलखात आवारम् आणि तेलंगणात तंगेडू. तेलंगणातल्या बाया नवरात्राच्या सुमाराला फुलांची उतरंड रचून बतुकम्मा हा सण करतात. त्या उतरंडीत तंगेडूचं फूल मानाचं. जिथे जिथे पाऊस कमी, तिथे तिथे लोकांनी या फुलाला देवापर्यंत नेलं आहे.

आजींचा बांध

आता हकिकत ऐका.

माणदेश तुम्हाला ठाऊक आहे. पाऊस वर्षाला २० इंचांच्या आसपास, आणि तोही नेमाचा नाही. तिथल्या एका गावात आम्ही साक्षरतेचा वर्ग चालवत होतो. वर्गाला एक आजी येत. वय सत्तरीच्या घरात. पाटीवर आपलं नाव लिहायला त्यांना दोन महिने लागले, पण एक दिवस चुकवला नाही.

आजींची जमीन थोडी. उताराची. उताराच्या तोंडाला मातीचा बांध. तिकडे त्याला ताल म्हणतात. हा बांध १९७२ च्या दुष्काळात घातलेला. आजी तेव्हा नव्या नवरी होत्या. त्या म्हणत, "ह्या तालीची माती म्या डोईवरनं वाहिलीया. पाटी पाटी मोजून." बांधाच्या आत गाळ साचला आणि मुरमाड रानाची शाळवाची पट्टी झाली. घरचं वर्षाचं धान्य त्या पट्टीवर निघे.

पण बांध उघडा होता. वर गवत नाही, झुडूप नाही. दर पावसाळ्यात थोडा थोडा झिजे. एका जागी तर त्याला घळ पडू लागली होती.

आम्ही पुस्तकात वाचलं होतं, की तरवडाची मुळं माती धरून ठेवतात. आम्ही आजींना म्हणालो, "आजी, आपण बांधावर तरवड लावू. पैसा लागत नाही, पाणी लागत नाही. गुरंही खात नाहीत."

आजी म्हणाल्या, "तुमी शिकल्याली माणसं. लावा."

२०१९ चा जून महिना होता. आम्ही माळावरून शेंगा आणल्या, बी काढलं, आणि पहिल्या पावसानंतर बांधावर फोकून दिलं. वर माती लोटली. काम अर्ध्या दिवसात झालं. आम्ही खूष.

आठ दिवस गेले. पंधरा गेले. महिना गेला. बांधावर चार-दोन रोपं दिसली, तीही शेळ्यांनी तुडवली. बाकी बांध जसाच्या तसा. आम्ही म्हणालो, "बी खराब असेल." आणि विषय सोडून दिला. तीच आमची मोठी चूक. बी का उगवलं नाही, हे आम्ही शोधलं नाही. कुणाला विचारलंही नाही.

पुढच्या वर्षी, २०२० च्या ऑक्टोबरात, परतीचा पाऊस आला. त्या पावसानं सोलापूर, सांगली, सातारा या जिल्ह्यांत मोठं नुकसान केलं. आजींच्या बांधामागे पाणी तुंबलं. पाण्यानं जुनी घळ गाठली आणि बांध तिथेच फुटला. शाळू नुकताच उगवला होता. पिकासकट माती वाहून गेली. अठ्ठेचाळीस वर्षांत साचलेला गाळ एका रात्रीत ओढ्याला लागला.

आम्ही भेटायला गेलो. काय बोलावं सुचेना. आजींनी आम्हाला बोल लावला नाही. चहा दिला. मग म्हणाल्या, "पोरांनो, त्ये बी तुमी घासलं हुतं का?"

आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो.

आजी म्हणाल्या, "माझी आई वाड्याच्या कुपाला तरवड लावायची. बी वाळूत घालून पाट्यावर रगडायची. मग भिजत घालायची. तरवडाचं बी लई टणक. घासल्याबिगर ते पाणी पीत न्हाई."

"आजी, हे तुम्ही आम्हाला आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलं कुटं?"

मंडळी, त्या दिवशी वर्गातले मास्तर आम्ही नव्हतो.

बी टणक का असतं?

आम्ही परत आलो आणि आजींचं म्हणणं तपासून पाहिलं. दोन डबे घेतले. दोन्हींत सारखीच माती. एकात घासून भिजवलेलं बी पेरलं, दुसऱ्यात तसंच कोरडं बी. दोन्हींना सारखं पाणी दिलं. दोन आठवड्यांत पहिला डबा हिरवा झाला. दुसऱ्यात तुरळक रोपं आली, आणि बाकीचं बी मातीत गोट्यासारखं पडून राहिलं. उकरून पाहिलं तर ते कुजलंही नव्हतं. नुसतं निजलं होतं.

असं का होतं? तरवडाच्या बियाचं साल फार घट्ट असतं. त्यातून पाणी आत शिरत नाही. पाणी शिरल्याशिवाय कोंब फुटत नाही.

हा बियाचा दोष नाही. दुष्काळी मुलखात तोच त्याचा शहाणपणा आहे. समजा, मृगात एक सर आली आणि सगळं बी एकदम उगवलं. मग महिनाभर पावसानं दडी मारली, तर सगळी रोपं जळतील. एकही वंश उरणार नाही. म्हणून थोडं बी या वर्षी उगवतं आणि थोडं पुढच्या. ऊन, थंडी, वाळू आणि वाहतं पाणी यांनी साल हळूहळू झिजतं, तसतशी बियांची पाळी येते. माळाला घाई नसते. त्याला दहा वर्षं चालतात. पण आपला बांध दहा वर्षं थांबत नाही. म्हणून सालीचं काम आपल्या हातानं करावं लागतं.

बी कसं धरावं?

फुलं पावसाळ्याच्या अखेरीपासून भरपूर येतात. शेंगा वाळतात हिवाळ्यात आणि पुढे उन्हाळ्याच्या तोंडाला. शेंग तपकिरी झाली आणि हलवल्यावर वाजू लागली, की तोडावी. हिरवी शेंग तोडू नये. एकाच झाडाच्या शेंगा घेऊ नयेत. दहा-बारा झाडांच्या थोड्या थोड्या घ्याव्यात. आणि झाडावर निम्म्या तरी शेंगा राहू द्याव्यात. माळालाही बी हवं असतं.

शेंगा दोन दिवस उन्हात वाळवा. कुटून, पाखडून बी काढा. ज्या बियाला भोक पडलं असेल, ते टाकून द्या. त्याचा गर किड्यानं खाल्लेला असतो. मग बी पाण्यात टाकून हलवा. जे तरंगेल ते पोकळ. ते काढा. बुडालेलं बी लगेच पाण्यातून काढून सावलीत चांगलं सुकवा. कोरड्या डब्यात भरा. त्यात राख किंवा कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला.

आणि डब्यावर चिठ्ठी लावा. कशाचं बी, कुठल्या माळावरचं, कोणत्या महिन्यात धरलं, हे लिहा. तुम्हाला आता लिहिता येतं. मग डबा मुका का ठेवायचा?

बी कसं जागं करावं?

दोन रीती आहेत.

पहिली रीत घासण्याची. बियात जाड वाळू मिसळा आणि पाट्यावर किंवा खरबरीत दगडावर हातानं रगडा. बियाची चकाकी गेली की थांबा. बी फुटेपर्यंत रगडू नका. साल खरवडायचं आहे, पीठ करायचं नाही.

दुसरी रीत गरम पाण्याची. पाणी उकळा. भांडं चुलीवरून खाली उतरवा. वाफेचा जोर ओसरू द्या. मग त्यात बी टाका आणि रात्रभर तसंच राहू द्या. चुलीवर बी उकळू नका. उकळलेलं बी मरतं.

घासलेलं बीसुद्धा साध्या पाण्यात रात्रभर भिजवायचं असतं. सकाळी नीट पाहा. ज्या बियात पाणी शिरलं, ते फुगलेलं दिसेल. ते पेरायला तयार झालं. जे फुगलं नाही, ते फेकू नका. ते पुन्हा घासा आणि पुन्हा भिजवा. फुगलेलं बी मात्र ठेवून चालत नाही. ते त्याच दिवशी पेरा. म्हणून पाऊस पाहूनच बी भिजत घाला.

पेरणी आणि राखण

मृगाचा किंवा आर्द्राचा चांगला पाऊस होऊ द्या. जमीन वीतभर ओली झाली पाहिजे. बांधावर एकेक हाताच्या अंतरानं खड्डा करा. खड्डा कसला, बोटाच्या पेरभर खोल भोक. त्यात २-३ बिया टाका, वर भुसभुशीत माती लोटा आणि हातानं दाबा. खोल पेरलं तर कोंब वर येत नाही. एक ओळ लावली तर पुढची ओळ सांध्यावर घ्या. वरच्या दोन झाडांच्या मध्ये खालचं एक यावं. म्हणजे वाहतं पाणी अडतं.

पिशवीत रोपं करून लावता येतात. पण तरवडाचं मूळ लवकर खाली जातं. पिशवीत फार दिवस ठेवलं तर ते तळाशी वेटोळं घालतं. अशा रोपाला पुढे खोल ओल सापडत नाही. म्हणून जागेवरच बी पेरलेलं बरं. पिशवी घेतलीच, तर उंच घ्या आणि रोप लहान असतानाच लावा.

पहिलं वर्ष राखणीचं. रोप दिसायला लहान असतं, कारण त्याचा सगळा जोर मुळावर असतो. लहान रोपाला गुरांच्या आणि शेळ्यांच्या पायाचीच भीती फार. बाभळीचे काटे टाका. भोवतालचं तण उपटा. पाऊस लांबला तर एकदोनदा तांब्यातांब्यानं पाणी घाला. दुसऱ्या पावसाळ्यानंतर तुमचं काम संपलं.

पानावर हिरव्या अळ्या दिसल्या तर औषध मारू नका. त्या फिकट पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या असतात. थोडा पाला खातील आणि उडून जातील. फुलावर मोठे काळे भुंगे येतात, त्यांनाही येऊ द्या. तरवडाच्या फुलात मध नसतो. नुसता पराग असतो, आणि तो बारीक नळ्यांत कोंडलेला असतो. भुंगा फुलाला मिठी मारून अंग थरथरवतो, तेव्हा तो पराग बाहेर पडतो. भुंगा नाही, तर शेंगही थोडी.

चार सावधगिरीच्या गोष्टी

एक. तरवड एकटा बांध वाचवत नाही. तुंबलेलं पाणी जायला बांधाला दगडी सांडवा हवाच. सांडवा नसेल तर झाडांसकट बांध जाईल.

दोन. गुरांच्या चराईच्या कुरणात तरवड पेरू नका. गुरं तो खात नाहीत. तो माजला तर गवताची जागा अडेल.

तीन. छाटणी करा, पण झाड उपटू नका. कापलं की बुंध्यातून पुन्हा फुटतं. छाटलेला पाला खताच्या खड्ड्यात घाला. काटक्या चुलीला होतात. पूर्वी कातडं कमावायला बाभळीच्या सालीबरोबर तरवडाची सालही वापरत. साल हवी तर छाटलेल्या फांदीची काढा. उभ्या झाडाच्या बुंध्याची साल गोल सोलली, तर झाड मरतं.

चार. तरवडाच्या फुलांचा काढा साखरेच्या आजारावर घेतात, असं तुम्ही ऐकलं असेल. काढ्याच्या भरवशावर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या सोडू नका. काढा घ्यायचाच असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

बांध पुन्हा उभा राहिला

आता आजींचं काय झालं ते सांगतो.

२०२१ च्या उन्हाळ्यात वर्गातल्या सगळ्यांनी मिळून श्रमदान केलं. फुटका बांध भरून काढला. जुन्या घळीच्या जागी दगड रचून सांडवा केला. जूनमध्ये पाऊस झाला, तेव्हा आजी पाट्यावर बसल्या. त्यांनी स्वतः बी घासलं. आम्ही वाळू आणून दिली. भिजवलं, फुगलेलं निवडलं आणि ओळीनं पेरलं. दहाव्या दिवशी आजींनी निरोप धाडला, "या बघायला."

आम्ही गेलो. बांधावर दोन दोन पानांची रोपं माना वर काढत होती. आजी काठी टेकत एकेक मोजत होत्या. अंकही त्या वर्गातच शिकल्या होत्या. शंभरावर मोजलं आणि मग म्हणाल्या, "फुडचं तुमी मोजा."

मंडळी, गेलेली माती परत आली नाही. अठ्ठेचाळीस वर्षांचा गाळ चार वर्षांत साचत नसतो. ते नुकसान झालं ते झालं, आणि त्यात आमचा वाटा आहे. पण बांध आता धरून आहे. पावसाचं पाणी सांड्यावरून निवळ उतरतं. आत पुन्हा बोट बोट गाळ बसू लागला आहे. नवरात्राच्या दिवसांत सगळा बांध पिवळा होतो. गावातल्या बाया घटाच्या माळेला फुलं न्यायला तिथेच येतात.

आजींच्या घरात फळीवर एक डबा आहे. त्यावर चिठ्ठी आहे. अक्षर वाकडं आहे, पण वाचता येतं. "तरवड. घासून पेरणे."

तुमच्या गावात उघडा बांध असेल. हिवाळ्यात माळावर जाल तेव्हा मूठभर वाळल्या शेंगा पदरात बांधून आणा. आणि पेरण्याआधी गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. पुस्तक जरूर वाचा. पण जे पुस्तकात लिहायचं राहून गेलं, ते कुणाच्या तरी आठवणीत असतं. ते विचारून घ्या आणि लिहून ठेवा.

राम राम.